मेक्सिकोची चूल

मस्कतमध्ये माझे वडील शाळामास्तर होते. गावी ते कुंभार होते, त्यांचे वडीलही कुंभार होते, आणि मी इंजिनिअर झालो नसतो तर बहुतेक मीही तेच झालो असतो. मास्तर त्यांना मी केलं. त्यांना न विचारता, एका दुपारी, ऑफिसच्या पॅन्ट्रीत चहाचा कप हातात धरून.

नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. आमच्या कंपनीत पुण्याचा एक सीनियर होता. बोलायला गोड आणि भलताच चौकस. नवा मराठी माणूस आला की दहा मिनिटांत त्याचं गाव, कॉलेज, आडनाव आणि आडनावावरून उरलेलं सगळं तो काढून घ्यायचा. माझ्या आडनावावरून फारसं काही कळत नाही, त्यामुळे तो जरा अडला. मग त्याने सहज विचारलं, "वडील काय करतात?"

"शिक्षक होते. आता रिटायर झालेत."

ते माझ्या तोंडातून निघून गेलं, असं पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. कॉलेजची चार वर्षं मी हे वाक्य मनात घोळवत होतो. वापरायची वेळ त्या दिवशी पहिल्यांदा आली, एवढंच. सीनियरचा चेहरा खुलला. त्याचे आजोबाही शिक्षक होते. "मग आपण एकाच घरातले," असं म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

एकदा मास्तर म्हटल्यावर पुढचं सगळं ओघानेच आलं. मराठी मंडळात मी मास्तरांचा मुलगा झालो. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून लोक म्हणायचे, शिक्षकाच्या घरचं वळण. गणपतीच्या दिवसांत मंडळाची मूर्ती भारतातून यायची आणि तिचा हात नाहीतर कान वाटेत दुखावलेला असायचा. एका वर्षी सोंडेला तडा गेला होता. सगळे हळहळत उभे होते. ओल्या मातीचा एक गोळा दिला असता तर पाच मिनिटांत मी ती सोंड सांधली असती, लहानपणी गणपतीच्या महिन्यात मी दुसरं काय केलं होतं? मी इतरांबरोबर हळहळत उभा राहिलो. शेवटी तडा झाकायला तिथे मोठा हार घातला.

आई गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी, डिसेंबरात, मी बाबांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. मस्कतच्या रुवी भागात आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. बाबा पहाटे उठायचे, गॅलरीत बसून खालच्या रस्त्यावरच्या गाड्या बघायचे आणि बायकोने लावलेल्या तुळशीच्या प्लास्टिकच्या कुंडीकडे बघून गप्प राहायचे. चौथ्या दिवशी न राहवून म्हणाले, "हिची मुळां उकडतली गो."

माझ्या बायकोला सगळं ठाऊक होतं. ती पहिल्यापासून म्हणत होती, "मंडळातलं कुणीतरी भेटणारच आहे. बाबांना आधी सांगून तरी ठेव."

"काय सांगू?"

"जे केलंयस ते."

मी तिच्यावरच चिडलो. मी चिडतो तेव्हा समोरच्याचं बरोबर असतं, हे तिला लग्नानंतर वर्षभरात कळलं होतं.

आमच्या कंपनीचं एक काम तेव्हा मस्कतपासून दोनेक तासांवर, किनाऱ्यावरच्या खाबुऱ्याला चालू होतं. आठवड्यातून एकदा मला तिकडे जावं लागे. बाबा घरात कंटाळतात म्हणून एकदा त्यांना बरोबर घेतलं. साइटवरचं काम उरकून आम्ही बाजारात खजूर घ्यायला थांबलो. मी भाव करत होतो. वळून बघतो तर बाबा नाहीत. शोधायला गेलो तर दोन दुकानं सोडून एका म्हाताऱ्या ओमानी माणसाच्या ओट्यापुढे ते उकिडवे बसले होते. ओट्यावर मातीची भांडी मांडलेली. टांगायचे पाण्याचे घडे, ऊद जाळायचे छोटे मजमर. बाबा एकेक मजमर उचलून कानाजवळ नेत आणि बोटाच्या पेराने टिचकी मारत. आवाज ऐकला की ठेवून देत. चौथ्याला त्यांनी मान हलवून तो बाजूला काढला.

म्हातारा हसला. त्याला चांगलं हिंदी येत होतं. तो जवळच्या सहम गावचा, तरुणपणी माल घेऊन मुंबईला खेपा केलेला.

"ये टूटा है. मालूम है मेरे को. तुम को कैसे मालूम?"

"आवाज," बाबा म्हणाले. "भद आवाज."

"कुम्हार है?"

"हां. कुम्हार."

म्हाताऱ्याने त्यांचा हात हातात घेऊन उलटा केला, तळवा बघितला, आणि स्वतःच्या बाजूला बसायला जागा करून दिली. कहवा मागवला. मग ते दोघं अर्धा तास बोलले. बाबांचं हिंदी मोडकं, निम्मं मालवणी, आणि तरी काही अडलं नाही. मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या बहला गावची माती कशी, तिथले कुंभार भट्टी कशी रचतात, जाळायला काय वापरतात, हे म्हाताऱ्याने हातवारे करून सांगितलं. बाबा लहान मुलासारखे ऐकत होते. म्हाताऱ्याने मला विचारलं, "तुम बेटा?" मी हो म्हणालो. छाती फुगवून म्हणालो. दोघांचा फोटोही काढला. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं.

परत येताना गाडीत बाबा म्हणाले, "ता बहला लांब आसा काय रे?"

"दोन-अडीच तास. जावया एकदा."

बाबांच्या मनात तेव्हा काय आलं असेल ते मला आता कळतं. त्यांना वाटलं, मुलगा परमुलखात एवढा मोठा झाला पण घरचा धंदा सांगायला लाजला नाही. त्या दिवशी ते रात्री दोन घास जास्त जेवले. फोटो मी कुणाला पाठवला नाही.

बहल्याला मी त्यांना नेलंच नाही. दर शुक्रवारी काहीतरी निघायचं. मशीद दाखवली, मॉल दाखवला, मॉलमधला बर्फ दाखवला. बहल्याच्या रस्त्यावर मंडळातले लोक सहलीला जातात, किल्ला बघायला. तिथे कुंभाराच्या चाकाजवळ बाबा गप्प बसणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग आमच्या डायरेक्टरचं बोलावणं आलं. हे गृहस्थ इंग्रज, वय साठीचं, स्वभावाने दिलदार. अझैब्याला त्यांचा बंगला होता, मागे हिरवळ. हिवाळ्यात एक संध्याकाळ ते ऑफिसातल्या पंधरा-वीस जणांना घरी बोलवत. या वेळी त्यांनी आवर्जून सांगितलं की वडिलांना घेऊन ये. शिवाय बागेत एक नवीन वस्तू आणली आहे, तिचं उद्घाटन तुम्हा सगळ्यांसमोर करायचं आहे. मेक्सिकोची मातीची चूल. आत लाकडं पेटवायची आणि भोवती खुर्च्या टाकून शेकत बसायचं.

मातीची, हे ऐकल्यावर मी आधी कोण कोण येणार ते विचारून घेतलं. सीनियरही येणार होता.

बायकोला ताप होता, ती आणि आमची मुलगी घरीच राहिल्या. निघताना दारात बायकोने मला एवढंच विचारलं, "सांगितलंस?" मी म्हणालो, गाडीत सांगतो.

रुवीपासून अझैबा पंचवीस मिनिटांवर. शुक्रवारची संध्याकाळ, रस्त्याला गर्दी नव्हती. बाबांनी पांढरा शर्ट घातला होता, माझ्या लग्नातला. मी तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा म्हणालो, "बाबा, थंय आमच्या ऑफिसातली माणसां आसतली." ते म्हणाले, "होय." दुसऱ्यांदा म्हणालो, "तुमका कोण काय काय इचारतले." ते म्हणाले, "इचारू देत. सांगया." तिसऱ्यांदा माझी जीभच उचलेना. काय सांगणार होतो मी? की बाबा, तुम्ही तुम्ही आहात हे कुणाला सांगू नका? तेवढ्यात बंगला आला.

मागच्या हिरवळीवर पाऊल टाकलं आणि बाबांना ती दिसली. लोखंडी तिवईवर बसवलेली, कमरेइतकी उंच. पोट रांजणासारखं, पोटाला पुढे मोठं तोंड, आणि वर धुरासाठी निमुळती मान. बाहेरून लालसर रंग दिलेला, कडेला वेलबुट्टी कोरलेली. बाबा माझ्याबरोबर चालत होते ते सरळ तिच्याकडे गेले. आधी लांबूनच तिच्याभोवती एक फेरी मारली. मग खाली वाकून तोंडातून आत हात घातला आणि आतल्या बाजूने हळूहळू फिरवला. चेहरा असा झाला होता, जणू कुणीतरी गावचं माणूस भेटलंय.

"काय पोट ओढलला हा रे," ते म्हणाले. "चाकावरचा नाय. हातान चढवलला."

मग त्यांनी टिचकी मारली. पोटाला मारली, मानेला मारली, परत पोटाला मारली. चेहरा उतरला. तळाशी पांढरट डाग होते. हिरवळीला पाणी मारणारा फवारा जवळच जमिनीत होता, रोज सकाळी ते पाणी हिच्यावर उडत होतं. बाबांनी तळवा पोटाला लावून ठेवला, आजारी माणसाच्या कपाळाला लावावा तसा, आणि मला जवळ बोलावलं.

"वली आसा. आतसून वली. आज पेटवूक देव नको. सायबाक सांग, आठ दिस उन्हात ठेव म्हणान. मगे पयलो जाळ बारीक. सुकी पाना, चार काटक्यो, बस. निवांदे. दुसऱ्या दिसाक वायच मोठो. असा चार-पाच दिस केलंस तर जन्मभर टिकात. आज मोठो जाळ घातलो तर फुटतली."

"सांगतंय," मी म्हणालो. आणि त्या क्षणी मी खरंच सांगणार होतो. यात अवघड काय होतं? माझे वडील म्हणतात की ती आधी वाळवा. एक वाक्य.

पण वळलो तर डायरेक्टर आणि सीनियर दोघेही आमच्याकडेच येत होते. सीनियरने लांबूनच बाबांना टिचक्या मारताना पाहिलं होतं.

"नमस्कार काका. काय चेक करताय? एकदम एक्स्पर्टसारखं चाललंय."

बाबा खुशीत हसले. खाबुऱ्याच्या म्हाताऱ्यासमोर हसले होते तसेच. "अवो, आमचो तर—"

"बाबांच्या शाळेत हस्तकला असायची ना," मी मधेच म्हणालो. "मुलांकडून मातीच्या वस्तू करून घ्यायचे. त्यामुळे त्यांना आवड आहे."

मी हे शुद्ध, पुस्तकी मराठीत म्हणालो. बाबांशी मी आयुष्यात त्या भाषेत बोललो नव्हतो.

बाबा थांबले. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त त्यातलं हसणं गेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एखादा श्वास घेण्याइतका. त्या वेळात त्यांना सगळं कळलं. आजचं कळलं आणि मागच्या सगळ्या वर्षांचंही कळलं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं, आणि मी मान खाली घातली.

"हो की, मास्तर ना तुम्ही," सीनियर म्हणाला. "किती वर्षं सर्व्हिस झाली, काका?"

बाबांनी हात पॅन्टला पुसले आणि पाठीमागे बांधले. ते ताठ उभे राहिले. आमच्या गावच्या शाळेतले मास्तर असे उभे राहायचे. बाबा त्यांच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकले होते.

"बत्तीस वर्षे," ते म्हणाले. "प्राथमिक शाळेत होतो."

मालवणी हेल लपत नव्हता, पण एकेक शब्द जपून, नीट उच्चारून ते बोलत होते. माझ्यासाठी बोलत होते. माझा जीव भांड्यात पडला. हेही लिहायलाच हवं. माझे वडील माझ्यासाठी खोटं बोलत होते आणि मला आधी हायसं वाटलं, लाज नंतर वाटली.

"मग आमच्या मुलांचे क्लास घ्या की," सीनियर म्हणाला. "अहो, आमच्या कार्ट्यांना अडतीस म्हटलं तर कळत नाही. थर्टी एट म्हणावं लागतं. मंडळाचा हॉल आहे, शुक्रवारी सकाळी एक तास. गुरुजी मिळाले तर सोनंच."

"आता शिकवत नाही," बाबा म्हणाले. "वय झाले."

डायरेक्टरना मराठी कळत नव्हतं. ते उत्सुकतेने एकदा बाबांकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, तुझे वडील इतका वेळ हिला तपासत होते, काय म्हणाले?

मी म्हणालो, "ही सेज इट इज व्हेरी ब्यूटिफुल."

ब्यूटिफुल हा शब्द बाबांना समजतो. नातीच्या तोंडून ते तो दिवसातून दहा वेळा ऐकत होते. त्यांनी चुलीकडे बघितलं, मग डायरेक्टरकडे बघून मान डोलावली.

आम्ही खुर्च्यांवर बसलो. बाबांची खुर्ची चुलीच्या अगदी जवळ मांडली होती, पाहुण्यांचा मान म्हणून. त्यांनी ती उचलून थोडी मागे घेतली. खाणं आलं, लिंबू सरबत आलं. अंधार पडू लागला तसे डायरेक्टर हौसेने पुढे झाले. रस्त्याकडेला समरच्या, म्हणजे तिकडच्या बाभळीच्या, लाकडांच्या मोळ्या विकायला असतात, तशी एक अख्खी मोळी त्यांनी आणून ठेवली होती. मनगटाएवढी लाकडं. ती त्यांनी एकावर एक आत रचली, पेटवायचं पांढरं रसायन वरून ओतलं आणि काडी लावली. भडका उडाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाबा माझ्याकडे बघत होते.

मी अजूनही सांगू शकलो असतो. कुंभार हा शब्दही काढायची गरज नव्हती. लाकडं कमी करा, माती ओली वाटते, असं कुठलाही इंजिनिअर म्हणू शकतो. पण मला वाटलं, आता बोललो तर सीनियर विचारेल, तुला कसं कळलं? आणि मग सगळं परत उकरलं जाईल. मी ताटलीतला कोंबडीचा तुकडा काट्याने इकडून तिकडे करत राहिलो.

थोड्या वेळाने तिच्या पोटावर बाहेरून पाण्याचे थेंब उमटले. कुणीतरी म्हणालं, अरे, हिला घाम आला. लोक हसले. मग आतून टक असा आवाज झाला. लाकूड तडकलं असं इतरांना वाटलं असेल. बाबा खुर्चीतून अर्धे उठले. दोन्ही हात पुढे झाले होते, पडणारं मूल झेलायला होतात तसे. मग त्यांना आठवलं असावं की ते मास्तर आहेत. ते परत बसले आणि हात मांड्यांखाली दाबून धरले.

दुसरा आवाज मोठा होता. तोंडाच्या वरच्या कडेपासून मानेपर्यंत एक काळी रेघ सरकत गेली, आणि पोटाची एक बाजू सुटून खाली आली. निखारे हिरवळीवर सांडले. सगळे मागे पळाले, खुर्च्या पडल्या. कुणाला काही लागलं नाही. डायरेक्टरनी बागेचा पाइप आणून पाणी मारलं, तशी उरलेली मानही चर्र करून दोन ठिकाणी फुटली. पाच मिनिटांत हिरवळीवर ओला राखाडी चिखल आणि लाल खापऱ्या.

"खलास," डायरेक्टर म्हणाले, आणि हसले. मोठ्या मनाचा माणूस. मग मान हलवून म्हणाले की दुकानदाराने काही सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मला कुणी सांगितलंच नाही.

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो.

लोक पुन्हा खाण्याकडे वळले. सीनियर मला म्हणाला, "चायना माल असणार रे, मेक्सिको कसलं." मी हसलो. त्याच्या खांद्यावरून मला दिसत होतं की बाबा एकटेच तिकडे गेले आहेत. ते खाली बसले. एक मोठी खापरी उचलून त्यांनी उजेडाकडे धरली. आतली बाजू बघत होते. अंगठा तिच्यावरून फिरवत होते. कुणीतरी त्यांच्या दिशेने जायला लागलं तशी त्यांनी ती खाली ठेवली, उठून उभे राहिले आणि हात पाठीमागे बांधले.

आठच्या सुमाराला आम्ही निघालो. निरोप घेताना डायरेक्टरनी बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि मला म्हणाले, शिक्षकांबद्दल मला फार आदर आहे, हे त्यांना सांग. मी सांगितलं. बाबांनी वाकून नमस्कार केला.

गाडीत मी रेडिओ लावला, मग बंद केला. मला वाटत होतं की त्यांनी मला शिव्या द्याव्यात. लहानपणी कच्च्या मडक्यांवर चेंडू मारला तर ते मडकी ठोकायच्या ओल्या थापीनेच पाठीत घालायचे. आता ते समोरच्या रस्त्याकडे बघत बसले होते. अझैबा मागे पडला. मी म्हणालो, "बाबा, माझा चुकला."

त्यांनी अंगठा स्वतःच्या बोटांच्या पेरांवरून फिरवला. मग म्हणाले, "आतल्या अंगाक बोटां दिसत होती तेची."

"कोणाची?"

"केलेली तेची. बाईमाणसाची आसतली, बारीक होती. खंयच्या मुलखातली कोण जाणा. आठ-दहा दिस तरी गेले आसतले तिचे." मग म्हणाले, "माका मास्तर केलंस, ता केलंस. माझी काय हरकत नाय. पण ती फुटूक देवक नको होती."

मी गाडी चालवत राहिलो. डोळ्यांपुढचा रस्ता नीट दिसत नव्हता म्हणून वेग कमी केला. घरी बायकोने दार उघडलं, आमच्या दोघांचे चेहरे बघितले आणि काही न विचारता पाणी आणायला गेली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते मी त्या संध्याकाळी अनुभवलं. दुसऱ्या कुणी मला काही म्हटलं असतं तर भांडायला तरी जागा मिळाली असती.

सकाळी मी लवकर उठलो. शनिवार होता, सुट्टी. बाबा गॅलरीत होते. रात्रभर मी ठरवलं होतं की आता पहिल्यांदा बहला, मग सीनियरला फोन, मग काय व्हायचं ते होऊ दे. फोनचं मला तितकंसं खरं वाटत नव्हतं, पण बहल्याचं पक्कं होतं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"बाबा, उठा. आज बहल्याक जावया. ते कुंभार बघूक. दिवसभर थंयच रवया."

त्यांचे डोळे क्षणभर उजळले. मी पाहिलं ते. त्यांनी हातातला कप खाली ठेवला, अंगठ्याने त्याची कड चाचपली आणि विचार केला. मग मान हलवली.

"नको रे," ते म्हणाले. "थंय माझ्यान हात लावल्याबिगर रवाचा नाय. आणि तुझ्या वळखीचो कोण भेटलो तर?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मला तिथे टोमणा सापडला असता तर फार बरं झालं असतं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच माझी काळजी वाटत होती.